बेळगावातून ट्रॉम्बेपर्यंत: न्यूट्रॉननी विसरण मोजायला शिकताना

सीमाभागातल्या कॉलेजांतून एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेली आपली मुलं ‘न्यूट्रॉन’ म्हटलं की हा विषय मुंबईवाल्यांचा, आपला नाही, असं धरून चालतात. अणुभट्टी बेळगावात नाही, हे खरं आहे. पण या प्रयोगातलं निम्म्याहून जास्त काम अणुभट्टीच्या दारात पोचण्याआधी करायचं असतं. ते काम खानापूरच्या भाड्याच्या खोलीत, एका साध्या लॅपटॉपवर आणि एका बऱ्या वजनकाट्यावर होतं. विसरण म्हणजे डिफ्यूजन, रेणूंचं आपोआप इकडेतिकडे सरकत पसरणं; ते न्यूट्रॉननी मोजायची पद्धत म्हणजे क्वासी-इलॅस्टिक न्यूट्रॉन स्कॅटरिंग, या क्षेत्रातले लोक ज्याला ‘क्वेन्स’ म्हणतात. ते पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितोय. भौतिकशास्त्र बारावीपर्यंत मराठीत आणि पुढे इंग्रजीत शिकलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे.

आधी समजून घ्या: आपण मोजतो काय

ठरलेल्या ऊर्जेचा न्यूट्रॉन नमुन्यावर सोडला की तीन गोष्टी होऊ शकतात. ज्या अणूवर तो आदळला तो जागच्या जागी असेल, तर न्यूट्रॉन तेवढीच ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. रेणू कंप पावत असेल, तर ऊर्जेचा एक ठरावीक, मोठा तुकडा इकडचा तिकडे होतो. आणि रेणू सरकत असेल, वळत असेल, उड्या मारत असेल, तर ऊर्जा किंचितच बदलते, कधी थोडी वाढते तर कधी थोडी घटते. आलेखावर शून्याच्या जागी जे टोकदार शिखर दिसायला हवं होतं, ते पायथ्याशी पसरतं. या पसरण्याची रुंदी मोजायची. क्वेन्समध्ये विसरणाबद्दल जे काही कळतं ते या रुंदीतून आणि शिखराच्या उंचीतून.

यासाठी न्यूट्रॉनच का? ५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे मिलि-इव्ही) ऊर्जेच्या न्यूट्रॉनची तरंगलांबी सुमारे ४ अँगस्ट्रॉम असते, म्हणजे रेणूंमधल्या अंतराएवढी. रेणूंच्या हालचालींची ऊर्जाही याच पट्ट्यात येते. लांबी आणि काळ दोन्ही एकाच मोजणीत सापडतात. तेवढ्याच तरंगलांबीच्या क्ष-किरणाची ऊर्जा काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्यात मिलि-इव्हीचा फरक शोधणं फारच अवघड. शिवाय हायड्रोजनचा अणुगर्भ न्यूट्रॉनला जबरदस्त विखुरतो. त्याचा इन्कोहेरंट क्रॉस-सेक्शन (क्रॉस-सेक्शन म्हणजे न्यूट्रॉन विखुरला जाण्याची शक्यता किती याचं माप, बार्न हे त्याचं एकक) ८० बार्नच्या आसपास आहे. ऑक्सिजनचा एकूण क्रॉस-सेक्शन ४ बार्नच्या थोडा वर, ॲल्युमिनियमचा तर दीड. इन्कोहेरंट म्हणजे प्रत्येक हायड्रोजन आपापलं सांगतो, शेजाऱ्याशी त्याचा मेळ नसतो. त्यामुळे एकेका अणूची स्वतःची वाटचाल कळते. लिऑन व्हॅन होव्ह यांनी १९५४ साली स्कॅटरिंग आणि कणांच्या हालचाली यांचा हा संबंध गणितात मांडला. बर्ट्रम ब्रॉकहाऊस यांना न्यूट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीसाठी १९९४ चं नोबेल मिळालं, त्यात क्लिफर्ड शल यांचा अर्धा वाटा होता. आपल्याकडे अणुशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडात ब्रॉकहाऊस यांच्याबरोबर काम करून आले आणि ट्रॉम्बेला, म्हणजे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ही परंपरा रुजली.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा, आणि तो आपल्या मातीतला असला तर उत्तमच

‘मला क्वेन्स करायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. कोणता रेणू, कशाच्या आत, किती तापमानाला, आणि त्याचं काय जाणून घ्यायचं आहे, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

एक उदाहरण धरून पुढे जाऊ. येळ्ळूर-वडगावच्या शिवारातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीच्या फुगण्यामागे स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं असतात, त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट सगळ्यात परिचित. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्यांच्या मधे शिरतं. पापुद्र्यांचं अंतर कोरडं असताना साधारण १० अँगस्ट्रॉम असतं, पाण्याचा एक थर शिरला की साडेबारा, दोन थर शिरले की साडेपंधरा. मग प्रश्न असा: एका थरातलं पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा किती मंद हलतं, आणि दुसरा थर आला की किती मोकळं होतं? जगभरात यावर काम झालं आहे, त्यामुळे तुमचे आकडे ताडून बघता येतील. पहिल्या प्रयोगासाठी असाच विषय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मात्र शेतातली माती उचलून थेट न्यूट्रॉनसमोर ठेवू नका. तिच्यात लोह असतं, कुजलेला पालापाचोळा असतो, आणि त्या पाल्यातही हायड्रोजन असतो. कोणाचा सिग्नल कुठला हे कळणार नाही. शुद्ध केलेलं सोडियम-मॉन्टमोरिलोनाइट घ्या, आणि शेतातल्या मातीचा विचार त्याच्या निकालानंतर करा.

दुसरी पायरी: रुंदी आधीच काढून ठेवा

इथे घाई करू नका. उपकरणावर वेळ मागणारे जे प्रस्ताव फसतात, ते बहुतेक या पायरीवर फसलेले असतात.

साध्या विसरणाचं सूत्र असं: गॅमा = एच-बार × डी × क्यूचा वर्ग. गॅमा म्हणजे लॉरेन्झियन शिखराची (मधे उंच आणि दोन्हीकडे लांबवर उतरत जाणाऱ्या वक्राची) अर्धी रुंदी, म्हणजे निम्म्या उंचीवर मधल्या रेषेपासून एका बाजूला जेवढं अंतर पडतं ते. डी हा विसरण गुणांक. क्यू म्हणजे न्यूट्रॉनच्या संवेगातला बदल. किती लांबीवर आपण बघतोय हे क्यूवरून ठरतं, क्यू मोठा तर लांबी लहान. एच-बारची किंमत ०.६५८ मिलि-इव्ही-पिकोसेकंद अशी लक्षात ठेवा, हिशेब तोंडी होतात.

२५ अंश सेल्सियसला पाण्याचा डी २.३ × १० चा उणे ९वा घात, चौरस मीटर प्रति सेकंद. आपल्या एककांत ०.२३ चौरस अँगस्ट्रॉम प्रति पिकोसेकंद. क्यू १ प्रति अँगस्ट्रॉम धरला तर गॅमा = ०.६५८ × ०.२३ = ०.१५ मिलि-इव्ही, म्हणजे १५० मायक्रो-इव्ही. पूर्ण रुंदी याच्या दुप्पट, ३००.

आता उपकरणाकडे या. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर (१०० मेगावॅट, १९८५ पासून) जो क्वेन्स स्पेक्ट्रोमीटर आहे, तो ५ मिलि-इव्हीच्या न्यूट्रॉनवर चालतो आणि त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे उपकरण स्वतःच शिखराला जी रुंदी देतं ती, सुमारे २०० मायक्रो-इव्ही आहे. मोकळ्या पाण्याची ३०० ची रुंदी त्यात नीट दिसते. पण पापुद्र्यांतलं पाणी पाचपट मंद आहे असं धरा. मग त्याच क्यूला पूर्ण रुंदी ६० वर येते. २०० च्या शिखरात ६० चं रुंदावणं डोळ्याला दिसत नाही, आणि फिटिंगमधून ओढून काढलं तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे ते पाणी जवळजवळ स्थिर असल्यासारखं दिसेल. स्थिर नसतं ते, आपलं घड्याळ जाड असतं. २०० मायक्रो-इव्हीचं उपकरण काही पिकोसेकंदांपर्यंतच्याच हालचाली पकडतं. शेकडो पिकोसेकंदांपर्यंत जायचं तर काही मायक्रो-इव्ही किंवा त्याहून बारीक रिझोल्यूशनचं बॅकस्कॅटरिंग उपकरण लागतं. अमेरिकेतल्या ओक रिजचं ‘बेसिस’, फ्रान्समध्ये ग्रेनोब्लचं ‘आयएन१६बी’, ही त्या जातीची. इंग्लंडच्या ‘आयसिस’ या न्यूट्रॉन केंद्रावरची ‘आयरिस’ आणि ‘ओसिरिस’ मधल्या पट्ट्यात बसतात.

मग ध्रुववर आपल्या मातीचं काय दिसेल? मोठ्या क्यूला, म्हणजे दीड-पावणेदोनच्या आसपास, रुंदी वाढते. तापमान वाढवलं की आणखी वाढते. शिवाय रेणूचं स्वतःभोवती वळणं सरकण्यापेक्षा जलद असतं, तेही दिसतं. म्हणून प्रस्तावात ‘लांब पल्ल्याचं विसरण मोजू’ असं न लिहिता ‘जलद, स्थानिक हालचाल आणि तिचं तापमानाशी नातं मोजू’ असं लिहिलं, तर प्रश्न आणि उपकरण एकमेकांना धरून राहतात. लांब पल्ल्याचं विसरण दुसऱ्या उपकरणासाठी राखून ठेवा.

तिसरी पायरी: हायड्रोजन मोजा, जाडी ठरवा

नमुना जास्त घातला की सिग्नल जास्त, असं वाटतं. तसं नाही. एकच न्यूट्रॉन नमुन्यात दोनदा-तीनदा विखुरला की त्याची ऊर्जा आणि कोन यांचा मेळ बिघडतो. म्हणून येणाऱ्या न्यूट्रॉनपैकी साधारण १० टक्केच विखुरले जातील एवढाच नमुना ठेवायचा.

पाण्याचं गणित बघा. एका घन सेंटिमीटरमध्ये ३.३४ × १० चा २२वा घात एवढे रेणू. एका रेणूचा क्रॉस-सेक्शन दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून सुमारे १६८ बार्न. एक बार्न म्हणजे १० चा उणे २४वा घात चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ५.६ प्रति सेंटिमीटर. १० टक्क्यांसाठी जाडी निघते ०.१९ मिलिमीटर. पाव मिलिमीटरपेक्षाही कमी! मातीत हायड्रोजन विरळ असतो, त्यामुळे तिथे जाडी जास्त चालते. पण आकडा प्रत्येक नमुन्यासाठी स्वतः काढा, दुसऱ्याच्या पेपरमधला उचलू नका.

डबी ॲल्युमिनियमची घेतात, कारण ॲल्युमिनियम न्यूट्रॉनला फारसं अडवत नाही. झाकण आणि डबी यांच्या मधे इंडियमची तार बसवतात. हा धातू नखानं दबेल इतका मऊ असतो, स्क्रू आवळले की पसरून फट बुजवतो. स्क्रू गोल क्रमानं आवळू नका, समोरासमोरचे जोडीनं थोडे थोडे आवळा, नाहीतर झाकण एका बाजूला कलतं आणि गरम केल्यावर पाणी निसटतं.

आणखी एक सोय आहे. ड्युटेरियमचा एकूण क्रॉस-सेक्शन ८ बार्नच्याही आत, हायड्रोजनचा ८२. जो भाग बघायचा नाही तिथे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम घातला की तो भाग जवळजवळ गप्प बसतो. चिकणमातीत साध्या पाण्याऐवजी जड पाणी घालून एक मोजणी केली, तर खनिजाच्या स्वतःच्या हायड्रॉक्सिल गटांचा वाटा वेगळा काढता येतो.

चौथी पायरी: नमुना घरी ओळखून घ्या

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूनं ढग लागले की बेळगावात कपडे वाळत नाहीत. चिकणमातीची पूडही तशीच हवेतलं पाणी ओढते. सकाळी तोललेली पूड दुपारी जड भरते. त्यामुळे आर्द्रता आपल्या हातात ठेवावी लागते, आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या डेसिकेटरच्या (हवाबंद झाकणाच्या भांड्याच्या) तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा. मीठ तळाला न विरघळता उरलेलं दिसलं पाहिजे. साध्या मिठानं आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, पोटॅशियम कार्बोनेटनं ४३ वर, मॅग्नेशियम क्लोराइडनं ३३ वर. वर जाळीवर पूड उथळ बशीत पसरा आणि रोज एकाच वेळी वजन घ्या. लागोपाठच्या दिवसांत वजन हलेनासं झालं की पूड तयार.

मग क्ष-किरण विवर्तनानं पापुद्र्यांचं अंतर तपासा. तांब्याच्या क्ष-किरणांनी एका थराचं शिखर ७ अंशांच्या जवळ येतं, दोन थरांचं ५.७ अंशांच्या जवळ. दोन्ही शिखरं एकदम दिसली तर नमुना मिश्र आहे, परत डेसिकेटरमध्ये ठेवा. तापवून वजनातली घट मोजली (टीजीए) की पाणी नेमकं किती ते कळतं. ही सोय आपल्या कॉलेजात नसली तर विद्यापीठात किंवा शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा. डबी बंद केल्यावर तोला, मोजणी झाल्यावर पुन्हा तोला. दोन आकड्यांत फरक पडला तर तो डेटा छापू नका.

पाचवी पायरी: अर्ज आणि प्रवास

विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांना ध्रुववरच्या न्यूट्रॉन उपकरणांपर्यंत पोचवण्याचं काम यूजीसी-डीएई कन्सोर्टियम फॉर सायंटिफिक रिसर्च ही संस्था करते. तिचं मुख्यालय इंदूरला आहे आणि न्यूट्रॉनचं काम मुंबई केंद्रातून चालतं. अर्ज मार्गदर्शकांमार्फत करा. त्याआधी उपकरण सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांना पत्र लिहा आणि दुसऱ्या पायरीतला हिशेब सोबत जोडा. ज्यानं रुंदी आधीच काढली आहे त्याच्याशी ते मोकळेपणानं बोलतात, हा अनुभव आहे. भट्टी केव्हा चालू असते आणि केव्हा बंद, प्रवेशपत्राला किती दिवस लागतात, मोबाईल-लॅपटॉपचं काय, हे सगळं लेखी विचारून घ्या. बेळगावहून रात्रीची गाडी किंवा बस पकडली की सकाळी मुंबई, तो भाग सोपा आहे.

सहावी पायरी: मोजणी

नुसता नमुना मोजून चालत नाही. व्हॅनेडियमचा पत्रा मोजायचा: तो जवळजवळ पूर्ण इन्कोहेरंट विखुरतो आणि त्यात विसरण नसतं, त्यामुळे जी रुंदी दिसते ती उपकरणाची स्वतःची. रिकामी डबी मोजायची. कोरडी माती मोजायची. मग ओली माती, निदान तीन तापमानांना. प्रत्येक मोजणीला दिवसांच्या हिशेबानं वेळ धरून चला, म्हणून क्रम महत्त्वाचा: सगळ्यात गरजेचं तापमान आधी. भट्टी मधेच थांबली तरी हाती काहीतरी पूर्ण राहतं.

सपाट डबी वापरली तर तिच्या पातळीच्या रेषेत येणाऱ्या कोनांना न्यूट्रॉनला नमुन्यातून लांबलचक वाट कापावी लागते. ते कोन विश्लेषणातून वगळा. प्रयोग संपल्यावर नमुन्याची किरणोत्सर्गाची तपासणी होईपर्यंत तो परत मागू नका. सोडियम असलेला नमुना थोडा काळ सक्रिय होऊ शकतो, पण त्यात तयार होणाऱ्या सोडियम-२४चा अर्धायुकाल १५ तासांचा असतो, थांबलं की झालं.

सातवी पायरी: आलेखाशी बोलणं

ट्रॉम्बेला जाण्याआधी खोटा डेटा बनवून फिटिंग शिका. पायथॉनमध्ये एक लॉरेन्झियन घ्या, त्यात शून्यावरचं टोकदार शिखर मिसळा, २०० मायक्रो-इव्ही रुंदीच्या वक्राशी कन्व्होल्यूशन करा (म्हणजे उपकरणासारखं पसरवा), वर थोडा गोंगाट टाका आणि तुम्हीच घातलेली रुंदी परत मिळते का बघा. घातलेली रुंदी ३०० वरून १००, मग ५० करत न्या. कुठे उत्तर हातातून सुटतं हे एकदा स्वतः पाहिलं की दुसऱ्या पायरीतली काळजी अंगात भिनते. खऱ्या डेटासाठी ‘डेव्ह’ आणि ‘मँटिड’ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

खऱ्या डेटातून रिकामी डबी वजा केल्यावर प्रत्येक क्यूला दोन आकडे निघतात: लॉरेन्झियनची रुंदी, आणि एकूण सिग्नलमध्ये टोकदार शिखराचा वाटा. रुंदी क्यूच्या वर्गासमोर मांडा आणि रेषेचा आकार बघा.

रेषा शून्यातून निघून सरळ वर गेली तर साधं विसरण, उतारावरून डी काढा. शून्यातून निघाली पण पुढे वाकून सपाट होऊ लागली तर रेणू थांबत थांबत उड्या मारतोय. तेव्हा साध्या सूत्राला १ + डी × क्यूचा वर्ग × टाऊ यानं भागायचं, टाऊ म्हणजे दोन उड्यांमधला मुक्काम. पाण्यासाठी टाऊ १ पिकोसेकंद धरला तर क्यू १.५ ला साधं सूत्र ०.३४ मिलि-इव्ही सांगतं आणि उड्यांचं सूत्र ०.२२. क्यू ०.५ ला मात्र दोन्ही जवळजवळ सारखीच, ०.०३८ आणि ०.०३६. म्हणजे वाकणं दिसायला मोठे क्यू लागतात आणि डी खात्रीनं काढायला लहान क्यू लागतात. एका टोकाच्या तीन बिंदूंवरून दोन्ही काढू पाहणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि रुंदी क्यूवर अवलंबूनच नसेल, शून्याजवळही तेवढीच राहत असेल, तर रेणू दूर जातच नाही, जागच्या जागी वळतो किंवा एका पोकळीत फिरतो. अशा वेळी टोकदार शिखराचा वाटा बोलका असतो. दाव्याला बांधलेली गाय दिवसभर हिंडते, पण केव्हाही गेलं तरी खुंटाभोवतीच्या त्या वर्तुळातच सापडते. रेणूचंही तसंच झालं तर कितीही वेळ थांबलं तरी शिखराचा टोकदार भाग उरतो, आणि क्यू वाढवत नेला की तो भाग ज्या वेगानं घटतो त्यावरून दाव्याची लांबी, म्हणजे पोकळीची त्रिज्या, कळते. या वाट्याला ईआयएसएफ (इलॅस्टिक इन्कोहेरंट स्ट्रक्चर फॅक्टर) म्हणतात. मातीत मात्र खनिजाचे हायड्रॉक्सिल गट आधीच स्थिर असतात. त्यांचा वाटा कोरड्या मातीच्या मोजणीवरून काढून टाकल्याशिवाय ईआयएसएफचा अर्थ लावू नका.

एक लॉरेन्झियन बसत नाही म्हणून लगेच दुसरा घालण्याचा मोह होतो, आणि वक्र बसतोही सुंदर. दुसरा लॉरेन्झियन कोणत्या हालचालीचा, हे आधी सांगता आलं पाहिजे. पाण्यात सरकणं आणि वळणं असे दोन घालायला कारण आहे. तिसऱ्याला बहुधा नसतं. शंका असेल तिथे एमडी (मॉलेक्युलर डायनॅमिक्स) सिम्युलेशनची, म्हणजे संगणकावर रेणूंची हालचाल चालवून बघण्याची, जोड द्या. ‘ग्रोमॅक्स’ किंवा ‘लॅम्प्स’वर चिकणमातीच्या दोन पापुद्र्यांमधलं पाणी चालवून बघता येतं, आणि त्या धावांतून क्वेन्सचा वक्र काढायला ‘एमडान्स’ आहे.

थिसिस लिहिताना डीचा एक आकडा देऊन थांबू नका. प्रत्येक क्यूची रुंदी तिच्या त्रुटीसह, उपकरणाचं रिझोल्यूशन, नमुन्याची जाडी, वजन आधी आणि नंतर, डेसिकेटरमधलं मीठ कोणतं, हे सगळं तक्त्यात द्या. बॅकस्कॅटरिंगवर लांब पल्ल्याच्या विसरणाचा जो दुसरा प्रस्ताव जाईल, त्याला हाच तक्ता जोडायचा आहे.